चाकावरची भाकर

संपादकांचा निरोप आला, "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा, दिवाळीला वाचायला लोकांना बरं वाटतं." मी पट्टे शिवणारा माणूस. उभा जन्म चामड्याला भोकं पाडण्यात गेला, त्यात लोकांना बरं वाटण्यासारखं काय असणार, असं मी रूथला, म्हणजे आमच्या मंडळींना, विचारलं. ती म्हणाली, "भाकरीचं लिहा. तेवढं एकच तुम्ही नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगता, आणि दरवेळी रडता." रडतो हे खोटं आहे. कापसाचं कुसूळ, म्हणजे उडणारे बारीक तंतू, डोळ्यांत जाऊन जाऊन डोळे अधू झालेत, त्याचं ते पाणी असतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मी नगरला केडगावच्या रस्त्यावरच्या एका जिनात कामाला होतो. ज्यांनी जीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर शेवगाव-पाथर्डीकडून कापसाच्या गाड्या यायला लागायच्या आणि शिमग्यापर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसायची. लांबलचक शेडमध्ये रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रं, ओळीनं मांडलेली असत आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई कापूस घालत उभी असे. सगळे रेचे फिरायचे ते एकाच वाफेच्या इंजिनावर. हे इंजिन शेडच्या टोकाला, जाड भिंतीपलीकडच्या खोलीत होतं. ते शेडखालच्या भुयारातला एक लांब लोखंडी दांडा फिरवायचं. त्याला आम्ही शाफ्ट म्हणायचो. शाफ्टवर मोठमोठी चाकं, आणि त्या चाकांवरून चामड्याचे पट्टे जमिनीतल्या फटींतून वर रेच्यांपर्यंत गेलेले. पट्टा उसवला की वरचा रेचा बंद, आणि रेचा बंद पडला की मॅनेजरसाहेबांचं तोंड सुरू.

पट्टा शिवायचा तो जागेवरच, भुयारात उतरून, कारण तो शाफ्टवरून काढता येत नाही. चाकाच्या आऱ्यांतून हात पलीकडे घालायचा, आरीनं, म्हणजे टोच्यानं, भोकं पाडायची आणि चामड्याची वादी ओवून दोन्ही टोकं आवळायची. हे अर्थातच इंजिन बंद असतानाच करता येतं, आणि इंजिन दिवसातून एकदाच बंद व्हायचं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. लढाईआधी हे काम अधूनमधून पडे. लढाई लागली, चांगलं चामडं सगळं पलटणीच्या बुटांना आणि खोगिरांना जायला लागलं. नवा पट्टा दृष्टीला पडेना. मग जुन्यालाच ठिगळावर ठिगळ लावायचं. दर दुपारी काही ना काही उसवलेलं असायचंच.

थोडक्यात, सगळं जीन जेवायला बसलं की मी भुयारात, आणि मी जेवायला बसलो की सगळं जीन कामाला. शिट्टी झाली की शेडमधला खडखडाट एकदम थांबायचा. बाया अंगावरचं कुसूळ झटकत बाहेर लिंबाखाली जायच्या, कुणी झोळीतलं लेकरू पाजायला घ्यायची. भाकरी सुटायच्या, हसणं-खिदळणं सुरू व्हायचं. ऑफिसातले एक कारकून ताकात कुसूळ पडतं म्हणून लिंबाखालीसुद्धा छत्री उघडून जेवायचे, आणि बाया त्यांना ऐकू जाईल असं "पाऊस आला गं" म्हणायच्या. हे सारं मी भुयारातून ऐकायचो. मला त्या छत्रीचा रंग कितीतरी वर्षं कळला नाही.

आता त्या भाकरीकडे येतो.

इंजिनावर कासमचाचा होते. वय झालेलं, दाढी पांढरी, बोलणं कमी. इंजिनाला ते "बुढिया" म्हणत आणि सकाळी तिच्या पितळी अंगावरून फडकं फिरवताना तिच्याशी काहीतरी पुटपुटत. मी कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं.

"शांतवन, तू खाली असतोस ते मला इथून दिसत नाही. तू ओरडलास तर ऐकूही येणार नाही. सुट्टी संपली की मी वाफ सोडणार, इंजिन फिरायला लागणार. तू वर आलास का नाही, हे मला कसं कळायचं?"

मी म्हणालो, "मी येऊन सांगत जाईन, चाचा."

"सांगायचं राहिलं तर? सांगितलंस असं मला उगीच वाटलं तर?" मग म्हणाले, "तुझी भाकर कुठंय?"

मी फडक्यात बांधलेली भाकर पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि वाफ सोडायच्या चाकाला, हात धरायच्या जागीच, गाठ मारून लटकवली. "खाली उतरण्याआधी ही इथं बांधायची. वर आलास की तुझ्या हातानं सोडायची. भाकर चाकावर असेपर्यंत मी चाकाला हात लावणार नाही. काम करून आलेला माणूस बाकी काहीही विसरेल, भाकर विसरणार नाही."

तेव्हापासून तसं चाललं. चाक गरम असायचं, त्यामुळे भाकरही गरम राहायची. शांतवन भाकर शेकत ठेवतो असंच सगळ्यांना वाटायचं, आणि आम्हीही कुणाला काही सांगायला गेलो नाही. मॅनेजरसाहेबांना कळलं असतं तर इंजिनाला भाकरी टांगणं कोणत्या नियमात बसतं, असं त्यांनी विचारलं असतं.

या कुलपाला एक किल्ली होती, ती सांगायला हवी. माझ्या भाकरीला जिनात दुसरं कुणी हात लावणार नाही, याची आम्हा दोघांनाही खात्री होती. मी ख्रिस्ती, पण हात चामड्याचे. आजोबांनी मिशनात जाऊन धर्म बदलला, तरी लोकांनी आमची बसायची जागा काही बदलली नव्हती. बाया वाईट नव्हत्या. थट्टा करायच्या, सणाला काही द्यायच्या, पण ते वरून, हाताला हात न लागता. माझं फडकं दोरीवर वाळत असलं तर वळसा घालून जायच्या. मला ते लागायचं, आणि त्याच गोष्टीवर माझा जीव सुरक्षित होता. एकदा मी हे चाचांना हसत हसत बोलून दाखवलं. ते हसले नाहीत.

रेच्यावरच्या बायांत येसामावशी सगळ्यांत थोरली. केडगावहून पायी यायची. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. आवाज असा की चालू रेच्यांच्या वर ऐकू जावा. लढाईतल्या एका पौषात रूथ पहिल्या बाळंतपणाला राहुरीला माहेरी गेली आणि मी हातानं भाकरी थापायला लागलो. माझी भाकर एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं पीठ अशी व्हायची. येसामावशीनं ती एकदा सकाळी, काम सुरू होण्याआधी पाहिली.

"आरं लेकरा, ही भाकर हाय का तुज्या पट्ट्याचं ठिगाळ?"

"ठिगळ मऊ असतं, मावशी," मी म्हणालो.

सगळ्या बाया हसल्या. येसामावशी हसली, पण मग माझ्याकडे बघत राहिली. "बायकू कवा यायची रं?" म्हणाली. मी सांगितलं की बाळ झाल्यावर, महिना-दीड महिना तरी लागेल. "तवर असलं खानार? वाळून जाशील की," एवढं म्हणून ती रेच्याकडे गेली.

संक्रांतीच्या दिवशी काय झालं ते मला अर्धं दिसलेलं नाही. नंतर ज्यानं त्यानं सांगितलं, ते जोडून सांगतो.

त्या दुपारी पट्टे दोन उसवले होते. मी नेहमीप्रमाणे भाकर चाकाला बांधली आणि भुयारात उतरलो. कासमचाचा जेवायला आणि नमाजाला बाहेर गेले. येसामावशीनं घरून गुळाच्या पोळ्या आणल्या होत्या. आपल्या पोळ्यांतली एक तिनं माझ्यासाठी बाजूला काढली. इथवर दरवर्षीसारखंच होतं, वरून टाकायची आणि मोकळं व्हायचं. पण त्या दिवशी तिच्या मनात काय आलं कोण जाणे. ती उठली, बाया कधी जात नसत त्या इंजिनाच्या खोलीत गेली आणि चाकावरची माझी भाकर सोडून घेतली. फडकं उलगडलं, माझी जळकी भाकर काढली, आपल्या भाकरी ठेवल्या, वर पोळी ठेवली आणि पुन्हा गाठ मारली. चाकाला परत बांधायचं तिला काही कारणच नव्हतं. पोरगं वर आल्यावर फडकं उघडताना त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं म्हणून ती शेडला वळसा घालून भुयाराच्या तोंडाशी येऊन बसली.

इकडे चाचा परत आले. चाक मोकळं. शांतवन वर आला, भाकर घेऊन कुठेतरी सावलीला बसला असणार. त्यांनी शिट्टी दिली.

ती शिट्टी मी भुयारात ऐकली. पहिला पट्टा झाला होता. दुसऱ्याला माझा हात आऱ्यांतून कोपराच्याही वर पलीकडे गेलेला, वादी दातांत धरलेली. मला वाटलं, आपल्यालाच भास झाला. भाकर चाकावर आहे, चाचा वाफ सोडणार नाहीत. मग इंजिनाच्या बाजूनं सूं असा आवाज आला. वाफ सोडण्याआधी इंजिनात साचलेलं पाणी काढतात, त्याचा तो आवाज. मी हात ओढला. सदऱ्याची बाही शाफ्टवरच्या चाकाच्या खिळीत अडकली. मी ओरडलो, आणि माझाच आवाज भुयारात फिरून माझ्याकडे आला. त्या क्षणी देवाचं नाव आठवायला हवं होतं. मला आठवलं, की रूथला मुलगा होतोय का मुलगी ते आपल्याला कळणार नाही.

येसामावशी भुयाराच्या तोंडाशी होती. शिट्टी झाली, बाया रेच्यांकडे आल्या, आणि मी मात्र वर आलेलो नाही, हे तिला एकटीलाच माहीत होतं. ती धावली. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारीचा घोळ सावरत, शेडच्या लांबीला वळसा घालून. खोलीच्या दारात पोचली तेव्हा तिला दम लागून शब्द फुटेना. ज्या आवाजाला सगळं जीन वचकून असायचं, तो नेमका तेव्हा गेला. तिनं नुसते दोन्ही हात पुढे केले. हातांत माझं फडकं होतं.

चाचांचा हात वाफेच्या चाकावर होता. शाफ्ट फिरायला लागला होता. माझी बाही गुंडाळत माझा खांदा पट्ट्याच्या चाकाला जाऊन टेकला होता, आणि पुढे काय होणार ते मला दिसत होतं. चाचांनी मावशीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि वाफेचं चाक उलटं फिरवलं. तिच्या बोलण्याची त्यांना गरजच पडली नाही. शाफ्ट कुरकुरत थांबला.

बॉयलरात कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यानं आणि दोघा हमालांनी बाही कापून मला बाहेर काढलं. खांदा निखळता निखळता राहिला. थंडीत तो अजून ठणकतो. मी वर आलो तो थेट इंजिनाच्या खोलीत गेलो. कासमचाचा जमिनीवर बसले होते. हात मांडीवर पडलेले. समोर येसामावशी फडकं छातीशी धरून रडत होती.

"म्या मारलं असतं रं लेकराला! मला काय ठावं, ती भाकर कशापायी बांदत्यात!"

चाचा म्हणाले, "नाही बाई. तुम्ही परत आणली म्हणून तो राहिला."

"आजवर कदी हात न्हाई लावला रं तुज्या भाकरीला," ती मला म्हणाली. "आजच लावला, आन् असं झालं. माज्याच हाताला काय झालं हुतं..."

सगळी वर्षं मी वाट पाहिली होती, की कुणीतरी माझ्या भाकरीला हात लावावा. ज्या दिवशी तो लागला, त्या दिवशी मी त्यानं मरता मरता वाचलो. आता ती बाई पुन्हा जन्मात माझ्या ताटाला हात लावणार नाही, या विचारानं मला भुयारात वाटली नव्हती तेवढी भीती वाटली. मी तिच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "मावशी, मला भूक लागलीय. हाताला जोर नाही. तुम्हीच सोडा ती गाठ."

तिनं डोळे पुसले. गाठ सोडली, भाकर मोडली, पोळीचा तुकडा त्यावर ठेवला आणि माझ्या हातात दिला. वरून टाकला नाही, हातात दिला.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब घड्याळ काढून दारात. "इंजिन का बंद आहे?"

कासमचाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "शांतवन जेवला नाही, साहेब."

"तो रोज मागूनच जेवतो ना?"

"आजपासून आधी जेवेल. तो जेवल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही. आणि खरं सांगू का, नंतरही लावेन की नाही, माहीत नाही. माझा हात उठत नाही."

मॅनेजरसाहेब रागीट होते, पण दगड नव्हते. त्यांनी माझी फाटकी बाही पाहिली, खांदा पाहिला आणि घड्याळ खिशात घातलं. बाया रेच्यांवरून एकेक करून आल्या आणि दारात, कापसाच्या बोदांवर, म्हणजे भरलेल्या मोठ्या पोत्यांवर, जागा मिळेल तिथे बसल्या. जिनात कामाला लागल्यापासून मी पहिल्यांदाच इंजिन बंद असताना, सगळ्यांच्या देखत जेवलो. आपण जेवताना तोंडाचा इतका आवाज होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

जेवण झालं. मी चाचांच्या जवळ गेलो. "मी जेवलो, चाचा. उठा."

ते मान हलवत होते. बुढिया दुसऱ्या कुणालातरी द्या, म्हणत होते. मी त्यांचा हात धरला, त्यांना उठवलं आणि हात चाकावर ठेवला. वर माझा हात ठेवला. "मी इथं आहे, तुमच्याजवळ. खाली कुणी नाही. सोडा वाफ." आम्ही दोघांनी मिळून चाक फिरवलं.

पुढे कधी भाकर चाकाला टांगली नाही. मी भुयारात उतरताना ती चाचांच्या हातात द्यायचो. ते जेवण आणि नमाज आधीच उरकून यायचे आणि मी वर येईपर्यंत फडकं मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्यावर ठेवून बसायचे. रोजा असतानासुद्धा माझी भाकर त्यांच्या मांडीवर. रूथ लेक घेऊन परत आली होती आणि तिच्या हातच्या बोंबलाच्या चटणीचा वास सगळ्या खोलीत. "बेटा, जन्नतमध्ये मला जागा मिळाली तर ती तुझ्या या बोंबलांच्या जोरावर," ते म्हणायचे. मी वर आलो की त्यांच्याशेजारी बसून जेवायचो. डोळे मिटून प्रार्थनेला बसलो की म्हणायचे, "आटप लवकर, तुझा देव थांबेल, बॉयलर थांबत नाही." येसामावशी कालवण झाकून आणायची आणि माझ्या भाकरीवर वाढून जायची. तिच्यामागून बाकीच्या बायाही हळूहळू तसं करू लागल्या. मग चाचा उठायचे, चाकाशी जायचे आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं विचारायचे, "शांतवन, जेवलास?" मी "जेवलो, चाचा" म्हटलं की शिट्टी. त्याआधी नाही. जिनातली पोरंसोरंसुद्धा खेळताना एकमेकांना असंच विचारायची.

लढाई संपली, स्वराज्य आलं आणि त्यानंतरच्या एका हंगामात जिनात विजेच्या मोटारी आल्या. प्रत्येक रेच्याला आपली मोटार. शाफ्ट नको, भुयार नको, लांब पट्टे नकोत, आणि बुढियाही नको. मला मालकांनी दुसरं काम दिलं. कासमचाचांच्या वयाला कोण नवं काम देणार? त्यांना भिंगारला भाच्याकडे जायचं होतं. इंजिन एका ठरलेल्या संध्याकाळपर्यंत चालवायचं आणि मग कायमचं थंड करायचं, असं ठरलं.

त्या दिवशी दुपारी मी भुयारात उतरलो. शिवण्यासारखं काही नव्हतं, तरी उतरलो. वर आलो तर चाचा रोजच्यासारखे फडकं मांडीवर घेऊन बसलेले. मी शेजारी बसलो. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना आटपायला सांगितलं नाही. येसामावशीनं कालवण वाढलं आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. बायाही आल्या. मॅनेजरसाहेब एकदा दारात येऊन गेले, घड्याळ न काढता. ऑफिसातले कारकून छत्री मिटून उभे होते. छत्री काळीच होती.

जेवण संपल्यावर चाचा उठले. चाकावर हात ठेवला. ती वाफ सोडली की उरलेली दुपार सुरू होणार होती, आणि ती दुपार संपली की सगळंच संपणार होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "शांतवन, जेवलास?"

माझं फडकं केव्हाच रिकामं झालं होतं. त्यात एक कणसुद्धा उरला नव्हता. ते मी मांडीवर पसरून ठेवलं.

"नाही चाचा," मी म्हणालो, "जेवतोय अजून."

त्यांनी मागे वळून त्या रिकाम्या फडक्याकडे पाहिलं. मग चाकावरचा हात काढला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले.